संकेतस्थळावरून नोकरभरती

कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर रिकाम्या जागा जाहीर करून, कामाची आणि कंपनीची माहिती देऊन उमेदवारांचे अर्ज थेट मागवण्याची पद्धत. संकेतस्थळावरील या भागाला बोलण्यात ‘करिअर पेज’ म्हणतात. नोकरी डॉट कॉम (१९९७) किंवा लिंक्डइन (२००३) यांसारख्या ठिकाणी अनेक कंपन्यांच्या जाहिराती एकाखाली एक येतात आणि त्या ठळकपणे दिसाव्यात म्हणून पैसे मोजावे लागतात. स्वतःच्या पानावर मजकूर किती, कोणत्या भाषेत आणि कोणत्या छायाचित्रांसह द्यायचा हे मात्र कंपनीच ठरवते. या नोंदीत ही पद्धत प्रामुख्याने सांगली व सातारा जिल्ह्यांतील कारखान्यांच्या संदर्भात पाहिली आहे.

कारखान्याकडे माणसे कशी ओढायची, हा प्रश्न या भागाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर कारखाना हलवला, तेव्हा कामगार टिकावेत म्हणून राहण्याची सोयही कंपनीलाच करावी लागली. त्यातून किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या गृहपत्राने कारखान्याची ओळख बाहेरच्या वाचकांपर्यंत नेली. आपल्याकडे काम करणे म्हणजे काय, हे कंपनीने स्वतःच्या शब्दांत सांगण्याची रीत इथे संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

आज कुपवाड, मिरज, सातारा किंवा शिरवळच्या एमआयडीसीत टर्नर, फिटर, सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्र) ऑपरेटर हवा असला, की बातमी आधी आतल्या माणसांकडून फुटते. मग व्हॉट्सअ‍ॅपचे गट, गेटवरचा ‘त्वरित पाहिजेत’चा फलक, दैनिकातली छोटी जाहिरात आणि आयटीआयतले निदेशक हे मार्ग असतात. अभियंत्यांची भरती कॅम्पस मुलाखतींतून होते. सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) ही त्यांतली जुनी नावे. तरीही संकेतस्थळाची गरज संपत नाही. जागेची बातमी दुसरीकडून आलेली असली तरी ‘कंपनी खरी आहे का, कशी आहे’ हे उमेदवार आणि बऱ्याचदा त्याच्या घरचे संकेतस्थळावर पडताळून पाहतात. म्हणून या भागात करिअर पेजचे पहिले काम खातरजमा करून देण्याचे असते. नवा उमेदवार गाठून देण्याचे काम त्यानंतरचे. पुण्यातल्या संस्थांनी बनवलेल्या पानांत हे सहसा लक्षात घेतलेले नसते. तिथे काचेच्या इमारतीतले हसरे चेहरे दिसतात आणि शॉप फ्लोअरचा, म्हणजे यंत्रांवर प्रत्यक्ष काम चालते त्या जागेचा, एकही फोटो सापडत नाही.

उमेदवाराला विचारायचे असते ते अगदी साधे असते. पाळ्या किती, रात्रपाळी किती दिवसांनी येते, कंपनीची बस तासगाव किंवा पलूसहून सुटते का, कॅन्टीनला पैसे कापतात का. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे नेमणूक कंपनीच्या पटावर आहे की कंत्राटदाराकडून. हे एका ओळीत सांगता येते. ते झाकून ठेवले तर मुलाखतीच्या दिवशी कळतेच, आणि उमेदवार तिथूनच परत फिरतो. कामाचे ठिकाणही नेमके लागते. शिरवळ सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात आहे. तिथल्या जागेपुढे नुसते ‘पुणे’ लिहिले तर पुण्यातून अर्ज येतात आणि रोजचा प्रवास कळल्यावर मागे घेतले जातात. वाई-भोरकडचा जो माणूस टिकला असता त्याला मात्र ती जाहिरात आपली वाटत नाही.

पगाराबाबत गोंधळ जास्त होतो. जाहिरातीत पगाराचा आकडा द्यावाच, अशी सक्ती भारतात खासगी कंपन्यांवर नाही. त्यामुळे ‘योग्यतेनुसार’ हा शब्द सर्रास दिसतो. आकडा दिला तरी तो सीटीसी, म्हणजे त्या माणसावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, असतो आणि त्यात भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्साही धरलेला असतो. मूळ वेतन व महागाई भत्त्यावर सामान्यतः १२ टक्के कामगाराच्या वेतनातून कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असल्यास कामगाराचे आणखी ०.७५ टक्के जातात. हातात किती पडेल हे वेगळे सांगणारे पान विरळा, पण उमेदवाराचा विश्वास बसतो तो त्याच ओळीवर.

तांत्रिक बाजू थोडक्यात अशी. प्रत्येक जागेला स्वतंत्र पान द्यावे आणि त्यात पदाचे नाव, कंपनी, कामाचे ठिकाण, जाहिरातीची तारीख आणि अंतिम मुदत हे तपशील शोधयंत्राला वाचता येतील अशा ठरीव सांकेतिक मांडणीत भरावेत. गूगलने नोकरीशोधाची सोय अमेरिकेत २०१७ मध्ये आणि भारतात २०१८ मध्ये आणली. ती ही मांडणी वाचून जागा थेट शोधाच्या निकालात दाखवते, त्यामुळे कुपवाडच्या लहान कारखान्याची जागाही मोठ्या कंपनीच्या शेजारी दिसू शकते. अट अशी, की भरलेली जागा वेळेवर काढली पाहिजे आणि उमेदवाराकडून पैसे मागणारी जाहिरात नसावी. पहिली अट अनेकांना जड जाते. वर्ष उलटून गेलेली ‘चालू भरती’ पानावर तशीच पडलेली असली, की बाकीच्या मजकुरावरचाही भरवसा उडतो. जागा नसेल तर ‘सध्या भरती नाही’ असे लिहिणे रिकाम्या पानापेक्षा बरे.

अर्ज स्वीकारणारी प्रणाली बायोडाटातला मजकूर वाचून रकान्यांत भरते आणि पदानुसार गाळणी लावते. छायाचित्र काढून जोडलेला किंवा दोन स्तंभांत मांडलेला बायोडाटा तिला नीट वाचता येतोच असे नाही. नावाचा घोळ खास महाराष्ट्राचा आहे. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, आणि अर्जात वडिलांच्या नावाला जागाच नाही. कागद तपासताना नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडतो, तेव्हा चूक उमेदवाराची नसते. इथले बहुतेक अर्ज मोबाइलवरून भरले जातात. आधी खाते उघडा, पासवर्ड ठेवा, मग तीच माहिती पुन्हा टाइप करा, असा क्रम लावला तर चांगला वेल्डर मध्येच सोडून देतो. नाव, ट्रेड, अनुभवाची वर्षे आणि फोन नंबर एवढ्यावर पहिला टप्पा भागतो.

संकेतस्थळावर जागा टाकली म्हणजे कायद्याचे काम संपले असे नाही. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना काही अपवाद वगळता रिक्त जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवण्याचे बंधन घातले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही जागा कळवण्याची तरतूद ठेवली आहे. शिकाऊ उमेदवारांची नोंद १९६१ च्या कायद्याप्रमाणे शासनाच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर करावी लागते. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. करिअर पेजवर त्या पोर्टलचा दुवा दिला, की आयटीआयच्या मुलांची वणवण थांबते. वेतन संहिता २०१९ प्रमाणे एकाच किंवा समान कामाच्या भरतीत लिंगावरून भेद करता येत नाही. एखाद्या कामावर स्त्रियांना नेमण्यास कायद्यानेच मनाई किंवा मर्यादा घातली असेल तेवढाच अपवाद. त्यामुळे सरसकट ‘फक्त पुरुष उमेदवार’ असे लिहिणे कंपनीला अडचणीत आणू शकते.

अर्जांतून गोळा होणारी माहिती डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच्या कक्षेत येते. माहिती संमतीवर घेतली असेल तर ती कशासाठी घेतली हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असे हा कायदा सांगतो, म्हणजे मराठीतही. ज्या पदाला इंग्रजी लागतच नाही त्याची जाहिरात इंग्रजीत आणि सूचना तेवढी मराठीत, असा प्रकार हास्यास्पद ठरेल. मोल्डर, हेल्पर, पॅकिंग यांच्या जागांचा पूर्ण मजकूर मराठीतच हवा.

बनावट भरतीचा प्रश्न वेगळा. मोठ्या कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह वापरून ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘गणवेशाची अनामत’ मागणारे संदेश फिरतात. ‘आम्ही कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाही, आमचे ईमेल याच पत्त्यावरून येतात’ ही सूचना म्हणूनच पानाच्या वरच्या भागात असावी, आणि खाली एखादा लँडलाइन नंबर असावा. तो उचलणारे माणूसही लागते.