कानाला आवाजाची सवय होते म्हणजे काय होतं?

आयटीआयच्या ट्रॅक्टर मेकॅनिक ट्रेडमधल्या पोराला ग्राइंडर चालू असताना इअरप्लग घाल म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "सर, आता सवय झालीय." त्याचं अगदीच खोटं नसतं. सततच्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला मेंदू थोडाफार शिकतो. पण संध्याकाळी कान गच्च होणं, आत कुंई वाजणं ही केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी, थकल्याची खूण. सकाळी बरं वाटतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

या पेशी आतल्या कानातल्या कॉक्लिआत, म्हणजे शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत असतात, एका कानात साधारण १५,०००. या नळीच्या तोंडाशी असलेल्या वरच्या पट्टीतला बारीक आवाज टिपतात, टोकाकडच्या जाडा. गोंगाटाने आधी कुठल्या मरतात, हे मोठं मजेशीर आहे. बाहेरून पडद्यापर्यंतची कानाची नळी सुमारे २.५ सेंमी, एका बाजूने बंद. अशा नळीत अनुनाद होतो, म्हणजे आवाज घुमून वाढतो, तो तिच्या चौपट तरंगलांबीला, म्हणजे १० सेंमीला. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. भागा, ३,४०० हर्ट्झ आले. म्हणजे या पट्ट्यातला आवाज आपलाच कान १० डेसिबलहून जास्त वाढवून आत सोडतो! त्यात जोरदार आवाजाचा मार त्याच्या वारंवारितेपेक्षा साधारण अर्धं सप्तक वर, म्हणजे सुमारे १.४ पट वारंवारितेला बसतो. म्हणून घण मारणारा असो की मळणीयंत्रावरचा, ऑडिओग्राममधला, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखातला, खड्डा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सापडतो.

स, च, त यांची ओळख पटते ती बरीचशी वरच्याच पट्ट्यांत. खड्डा रुंदावला की 'पाच', 'सात', 'आठ' या तिन्हींतला 'आ' तेवढा स्पष्ट उरतो. माणूस म्हणतो, ऐकू येतं, पण लोक पुटपुटतात.

कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, आपल्या येत नाहीत. लसूण घालून कडवलेल्या तेलाने फार तर मळ मऊ होईल. पडदा फाटलेला असेल तर तेही महागात पडेल.

कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ग्राइंडर १०० च्या घरात असतो, म्हणजे जेमतेम १५ मिनिटं. वर्गात आवाज मोजायचा मीटर नसला तरी हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावं लागलं, की धोका सुरू झाला समजावं.

आणि प्लग नुसते वाटू नयेत, घालायला शिकवावेत. कापसाचा बोळा चालत नाही. ग्रीसचे हात धुऊन फोमचा प्लग वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढायची, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. मग मशीन चालू असताना दोन्ही तळवे कानांवर दाबून बघायचे. आवाज आणखी बराच उतरला तर प्लग नीट बसलेला नाही. काढून परत घालायला लावा.