वस्तीतल्या हुशार मुलांचा शोध : चौथी-सातवी की पाचवी-आठवी?

मराठीत परीक्षेतल्या मार्कांनाही ‘गुण’ म्हणतात आणि माणसाच्या अंगच्या चांगल्या गोष्टींनाही. त्यामुळे ‘गुणवंत विद्यार्थी’ म्हणताना आपण यांपैकी काय मोजले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मुंबईत महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांमधून, म्हणजे मुख्यतः चाळी-झोपडपट्ट्यांतल्या मुलांमधून, हुशार मुले शोधण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा मागोवा घेताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रज्ञा असलेल्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख केला आणि २०२५ मध्ये राज्याने शिष्यवृत्ती परीक्षेची इयत्ता पुन्हा बदलली, म्हणून ही पार्श्वभूमी.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक झालेला विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला एका शिक्षकाला दिसला, आणि पुढे त्याच शिक्षकाच्या खटपटीने त्याला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, ही हकिकत सर्वांना माहीत आहे. तो शोध कोणत्याही यंत्रणेने घेतलेला नव्हता. अनुसूचित जातींसाठी १९४४ मध्ये शिष्यवृत्ती सुरू झाली ती मॅट्रिकोत्तर, म्हणजे जो मॅट्रिकपर्यंत टिकला त्याच्यासाठी. १९५४-५५ पासून राज्यात चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली, आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची प्रज्ञाशोध योजना आली, तीही पहिल्या वर्षी फक्त दिल्लीत आणि अवघ्या १० शिष्यवृत्त्यांची.

मुंबईपुरता खरा वेगळा प्रयत्न १९८० च्या दशकात झाला. विज्ञानशिक्षणाचे एक संशोधन केंद्र त्या वेळी नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत होते. त्या केंद्राने महापालिकेच्या माध्यमिक शाळांतील प्रामुख्याने अनुसूचित जातींची मुले निवडून त्यांना काही वर्षे सातत्याने शिकवले. या मुलांची अडचण विज्ञानाच्या संकल्पनांपेक्षा पाठ्यपुस्तकाच्या भाषेत अधिक आहे, असे तिथे दिसून आले. घरात बोलली जाणारी मराठी आणि पुस्तकातली संस्कृतप्रचुर मराठी यांतले अंतर मुलाला एकट्याने ओलांडावे लागत होते. भाषा सोपी केली, प्रश्न विचारायला मोकळीक दिली, प्रयोग हाताने करू दिले, तेव्हा शालान्त परीक्षेतील त्यांचे यश स्पष्टपणे वाढले. या प्रयोगाचे महत्त्व माझ्या मते अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही, कारण आधी शोध आणि मग जोपासना हा रूढ क्रम त्याने उलटा करून दाखवला: काही काळ नीट शिकवल्याशिवाय कोणात काय आहे हे कळतच नाही.

१९८६ च्या धोरणातून आकाराला आलेल्या नवोदय विद्यालयांचा मुंबईला उपयोग नव्हता. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, आणि त्यामागचा हेतू रास्तच आहे. परंतु शहरातले दारिद्र्य त्या आराखड्यात बसत नव्हते.

यानंतरचा वादाचा मुद्दा म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षेची इयत्ता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या आकृतिबंधानुसार पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे टप्पे धरले गेले. परीक्षा टप्प्याच्या अखेरीस असावी, या तर्काने २०१५ मध्ये ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेण्याचे ठरले. २०१५-१६ मध्ये परीक्षा झाली नाही आणि २०१६-१७ पासून नवी पद्धत सुरू झाली. कागदावर हा बदल सुसंगत होता. मूल एका वर्षाने मोठे असते, लांबलचक सूचना त्याला नीट वाचता येतात, हा युक्तिवादही खोटा नव्हता. परंतु शाळा कायद्याच्या टप्प्यांप्रमाणे बांधलेल्या नव्हत्या. गावाकडे अनेक शाळा चौथीपर्यंत होत्या आणि मुंबईत महापालिकेच्या अनेक प्राथमिक शाळा सातवीपर्यंत. सातवीच्या बाईंनी मुलाला दोन-तीन वर्षे पाहिलेले असते. कोण उत्तर पाठ करून सांगतो आणि कोण स्वतः शोधतो, हे त्यांना ठाऊक असते. तोच मुलगा जूनमध्ये आठवीसाठी दुसऱ्या शाळेत जातो, सात-आठ महिन्यांत परीक्षा येते, आणि नव्या शिक्षकांना तोवर त्याचे नाव जेमतेम पाठ झालेले असते.

हे महत्त्वाचे का, तर या परीक्षेला सगळी मुले बसत नाहीत. मुलांना ‘बसवले’ जाते. अर्ज शाळा भरते, कोणाला बसवायचे ते बहुतेक वेळा शिक्षक ठरवतात, आणि निकालाची टक्केवारी खाली येऊ नये म्हणून यादी आखूड ठेवण्याकडे कल असतो. म्हणजे परीक्षेच्या आधीच एक निवड झालेली असते, आणि ती करणारा माणूस मुलाला किती ओळखतो यावर बरेच काही अवलंबून राहते. शिवाय २००८ पासून आर्थिक दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षाही आठवीतच होती. दोन्ही एकाच वर्गात आल्यावर बहुतेक शाळांनी तीच चार-सहा मुले दोन्हींना बसवली, आणि पूर्वी सातवीत एक व आठवीत दुसरी अशा ज्या दोन संधी वेगवेगळ्या मुलांपर्यंत पोहोचू शकत होत्या, त्या एकाच यादीत गोळा झाल्या.

परीक्षेचे स्वरूपही या संदर्भात पाहायला हवे. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. बुद्धिमत्ता चाचणीत विचारले जाते की आरशात घड्याळात ४ वाजून २० मिनिटे दिसत असतील तर खरी वेळ कोणती? क्लासला जाणाऱ्या मुलाला ११ वाजून ६० मिनिटांतून ती वेळ वजा करायची हे पाठ असते. ७ वाजून ४० मिनिटे हे उत्तर तो दहा सेकंदांत देतो. ज्याला ही युक्ती कोणी सांगितलेली नाही, तो कोऱ्या जागेत गोल काढतो, काटे काढतो, उलटे करून पाहतो आणि त्याच उत्तरावर येतो. विचार त्याने केलेला असतो. पुढचे दोन प्रश्न मात्र त्याचे सुटतात.

मुले कमी बसू लागली, ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. २०२३-२४ पासून शिष्यवृत्तीची रक्कम पाचवीसाठी वर्षाला ५,००० रुपये आणि आठवीसाठी ७,५०० रुपये झाली, तो स्वागतार्ह निर्णय होता. अखेर २०२५ मध्ये परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचे ठरले. चौथीबद्दल मतभेद राहतील. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला स्पर्धेत उतरवावे का, ही शंका रास्त आहे. सातवीबद्दल मुंबईत तरी शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

दरम्यान राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ पासून स्थगित आहे. एनएमएमएस चालू आहे; राज्याचा कोटा ११,६८२ मुलांचा, रक्कम नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये आणि पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा ३,५०,००० रुपये. मात्र शाळा-कॉलेज शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचेच असावे लागते. अकरावीला घराजवळच्या विनाअनुदानित कॉलेजात नाव लागले, तर पुढचे पैसे थांबतात.

आणि दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून आणायचा, म्हणजे घरातल्या कमावत्या माणसाचा एक-दोन दिवसांचा रोज बुडतो. जातीच्या दाखल्याला राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. गोवंडी, मानखुर्द, धारावीत त्यानंतर परराज्यांतून आलेली हजारो कुटुंबे आहेत, आणि त्यांची मुले महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ, कन्नड, तेलुगू वर्गांत शिकतात. कोऱ्या जागेत घड्याळ काढून उत्तर शोधणारा मुलगा अशा घरातला असेल, तर अर्जाच्या रकान्यात त्याला ‘खुला’ असे लिहावे लागते.