एकत्र प्रार्थना आणि मंडळ्यांचे ऐक्य : कोल्हापूरच्या संदर्भात पार्श्वभूमी

कोल्हापुरात प्रोटेस्टंट ख्रिस्ती कार्याचा आरंभ १८५२च्या अखेरीस झाला, तो रॉयल गुल्ड वाइल्डर हे अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतील मिशनरी संस्थेचे मिशनरी येथे आल्यापासून. हाच बोर्ड अहमदनगर भागातही काम करीत होता. परंतु शाळांच्या धोरणावरून वाइल्डर यांचे त्याच्याशी पटेनासे झाले, १८६१मध्ये ते स्वतंत्र मिशनरी म्हणून कोल्हापूरला परतले आणि १८७०च्या सुमारास त्यांचे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीकडे, म्हणजे वडीलजनांच्या हाती कारभार असलेल्या चर्चकडे, गेले. त्याच दशकात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, मिशननेही येथे पाऊल टाकले. संस्थानाची राजधानी एक, ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आणि उपासनेच्या रीती मात्र दोन, अशी स्थिती त्यामुळे झाली. हे मतभेद साता समुद्रापलीकडून आलेले होते. येथील नवख्रिस्ती माणसाला त्यांच्याशी फारसे देणेघेणे नव्हते, हे विसरता येत नाही.

एकत्र प्रार्थनेची प्रथा मात्र संघटनात्मक ऐक्याच्या पुष्कळ आधीची आहे, आणि तिचे एक मूळ हिंदुस्थानातच सापडते. लुधियाना येथील प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८५८मध्ये जगभरातील ख्रिस्ती लोकांना आवाहन केले, त्यानुसार जानेवारी १८६०मध्ये प्रार्थनेचा आठवडा पाळला गेला आणि पुढे नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात तो अनेक देशांत रूढ झाला. पंथ कोणताही असो, एकाच विषयासाठी एकाच दिवशी प्रार्थना करावी, एवढीच ती साधी कल्पना होती.

वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १८६३मध्ये कोल्हापुरातच झाला. अमेरिकेत शिकत असताना आपली बहीण ग्रेस हिच्यासह तो विद्यार्थ्यांमधून मिशनरी निघावेत म्हणून नित्य प्रार्थना करी. १८८६मध्ये माउंट हर्मन येथील शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेची तयारी दर्शविली, तीत रॉबर्टचा पुढाकार होता. या शंभरांत जॉन मॉट हाही होता, आणि १९१०च्या एडिनबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेचे अध्यक्षपद त्यानेच भूषविले. मंडळ्यांच्या ऐक्याच्या आधुनिक चळवळीचा आरंभ या परिषदेपासून मानतात. ज्या घराने एका बोर्डाशी फारकत घेतली, त्याच घरातील मुलाच्या प्रार्थनेचा धागा ऐक्याच्या परिषदेपर्यंत पोहोचावा, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

महाराष्ट्रात ऐक्याला भाषेचेही बळ मिळाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पदे निरनिराळ्या मंडळ्या आपापल्या उपासनेत म्हणू लागल्या, आणि प्रार्थनापुस्तके वेगळी असली तरी गाणी एकच झाली. टिळकांनी अभंगाचा साज ख्रिस्ती भक्तीला चढविला होता, त्यामुळे ती पदे कोणत्याच पंथाला परकी वाटली नाहीत.

संघटनेच्या पातळीवर १९२४मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल (अमेरिकन बोर्डाच्या परंपरेतील, स्थानिक मंडळीला स्वायत्त मानणाऱ्या) मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एकत्र आल्या. कोल्हापूर आणि अहमदनगर यांच्या परंपरा अशा रीतीने पुन्हा जवळ आल्या. व्यापक ऐक्याच्या वाटाघाटी १९२९मध्ये लखनौ येथे सुरू झाल्या आणि त्यांना चार दशके लागली. बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारे धर्माधिकारी, असावेत की नसावेत, बाप्तिस्मा बालपणी द्यावा की विश्वास कबूल केल्यावर, या प्रश्नांवर मुख्य अडचण होती. अखेर बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य करून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. कोल्हापूर हा आज तिचा एक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालील विभाग, आहे.

कॅथलिकांच्या बाबतीत वाट निराळी होती. इतर पंथीयांच्या उपासनेत सहभागी होण्यास त्यांना पूर्वी मनाई असे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्यविषयक आदेश काढल्यानंतर हे बंधन सैल झाले, आणि १८ ते २५ जानेवारी या ऐक्यप्रार्थनेच्या आठवड्यासाठी १९६८पासून कॅथलिक आणि इतर मंडळ्यांनी मिळून तयार केलेला उपासनाक्रम वापरात आला. त्या आठवड्यात प्रार्थना एका छताखाली होऊ शकते, वचनेही एकत्र वाचली जातात. प्रभुभोजनाचे मेज मात्र कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यासाठी अजून वेगळेच मांडले जाते.