पांढरी कावीळ: रिपोर्टमागचा इतिहास

सांगली-मिरज भागात हेपॅटायटिस बी, म्हणजे पांढरी कावीळ, बऱ्याच जणांना कळते ती रक्तदान शिबिरानंतर किंवा ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत. त्रास काहीच नसतो. रिपोर्टवर फक्त 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन रक्तात सापडलेलं असतं. जुने डॉक्टर त्याला अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात, कारण अमेरिकी संशोधक बारूख ब्लुमबर्ग यांना हे प्रथिन एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलं. १९६५ साली ते प्रसिद्ध झालं. त्याचा काविळीशी संबंध उमगायला आणखी दोन-तीन वर्षं लागली आणि १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळालं.

सत्तरच्या दशकात विषाणूचे प्रकार ठरायचे ते याच प्रथिनावरून. पुढे जनुकं वाचता येऊ लागली. या विषाणूचा जनुकसंच जेमतेम ३,२०० अक्षरांचा, पण नक्कल करताना झालेली चूक सुधारायची सोय त्याच्याकडे नाही, त्यामुळे फरक साचत जातात. १९८८ साली जपानी संशोधकांनी निकष घातला: संपूर्ण जनुकसंचात आठ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, वेगळा. तेव्हा ए ते डी असे चार होते, आज यादी जे पर्यंत गेली आहे.

पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) पश्चिम भारतातल्या रुग्णांचा अभ्यास २००३ साली मांडला. त्यात डी सर्वाधिक, त्याखालोखाल ए. सी आढळतो तो पूर्व आणि ईशान्य भारतात. आजाराच्या तीव्रतेशी जीनोटाइपचा संबंध त्या अभ्यासात दिसला नाही. तरी डी चा एक गुण आपल्याकडे लक्षात ठेवावा असाच आहे. जनुकातलं १८९६ वं अक्षर बदललं की विषाणू ई-अँटिजेन (त्याच्या वाढीची खूण मानलं जाणारं दुसरं प्रथिन) बनवणं थांबवतो, वाढणं मात्र थांबवत नाही. ए मध्ये १८५८ व्या जागी सहसा जे अक्षर असतं त्याच्याशी हा बदल जुळत नाही, म्हणून तिथे तो क्वचित. डी मध्ये सहज टिकतो. मग 'ई-अँटिजेन निगेटिव्ह' वाचून पेशंट निर्धास्त होतो आणि पुढची तपासणी राहून जाते. खरी स्थिती कळते ती व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) यांवरून.

इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात ए ला गुण जास्त यायचा, डी ला कमी. आताच्या टेनोफोव्हिर, एन्टेकाव्हिरच्या गोळ्या दोन्हींवर चालतात, त्यामुळे जीनोटाइप तपासायला डॉक्टर क्वचितच सांगतात. बाळाला २४ तासांच्या आत द्यायची लसही सगळ्या प्रकारांवर लागू पडते.