गेम-कन्सोलवरील निर्बंध आणि ग्राहक हक्क

गेम-कन्सोलवरील निर्बंध आणि ग्राहक हक्क : टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच इ.) उत्पादक कंपन्या घालत असलेल्या अटी आणि त्या अटींपुढे खेळणाऱ्याला कायद्याने उरणारे हक्क. पूर्वी वापरलेले खेळ चालू न देणे, ठरावीक काळाने इंटरनेट-तपासणी करणे, एका प्रदेशातला खेळ दुसऱ्या प्रदेशात न चालवणे, विकल्यानंतर एखादी सोय काढून घेणे आणि खाते बंद करणे, हे निर्बंधांचे मुख्य प्रकार.

वादाचे मूळ ‘विकत घेणे’ या शब्दात आहे. सांगलीच्या बाजारातून आणलेली गेमची सीडी (असते ब्ल्यू-रे, पण दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे सीडीच म्हणतात) आपली झाली, असे घेणारा धरून चालतो. कंपनीच्या करारानुसार मात्र प्लास्टिक त्याचे असते आणि आतला खेळ कंपनीचा. त्याच्या हाती पडतो तो वापरण्याचा परवाना. मोठा नवा खेळ चार-पाच हजारांना मिळतो, त्यामुळे सांगली-मिरजेसारख्या गावांत बराचसा व्यवहार जुन्या सीडीवर चालतो. एकाने पंधरा दिवसांत खेळ संपवायचा, दुकानात परत देऊन वर थोडे पैसे घालून दुसरा न्यायचा. दुकानदार सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून चरे बघतो, यंत्रात घालून पहिला पडदा येईपर्यंत थांबतो आणि मगच भाव बोलतो. एकच सीडी अशी चार-पाच घरे फिरते. निर्बंधांचा खरा फटका बसतो तो या फिरण्याला.

हा प्रश्न जगभर चर्चेत आला तो २०१३ साली. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात एक्सबॉक्स वन जाहीर केला आणि जूनच्या सुरुवातीला त्याच्या अटी सांगितल्या. यंत्राने २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, नाहीतर खेळ बंद. खेळ मित्राला एकदाच देता येणार, तोही यादीत किमान ३० दिवस असलेल्या मित्राला. १० जूनला सोनीने प्लेस्टेशन ४ वर असले काही नसेल असे सांगितले आणि जोडीला २२ सेकंदांची एक चित्रफीत काढली. तीत सोनीचा एक अधिकारी दुसऱ्याच्या हातात खेळाची डबी देतो, झाले! इंटरनेट नसणाऱ्यांसाठी आमचे जुने एक्सबॉक्स ३६० आहेच, अशा अर्थाचे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाच्या प्रमुखाचे उत्तर लोकांच्या जास्तच जिव्हारी लागले. १९ जूनला कंपनीने दोन्ही अटी मागे घेतल्या. खरेदीदारांनी आगाऊ नोंदणीच्या रांगेत उभे राहून जिंकलेला हा दुर्मीळ सामना. त्यात कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

त्या २४ तासांच्या अटीचा अर्थ सांगलीला सहा वर्षांनी नीट कळला असता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या आसपास गेले आणि शहराच्या अनेक भागांत वीज, मोबाइल, इंटरनेट कित्येक दिवस नव्हते. ही अट टिकली असती, तर वीज परतलेल्या पण नेट न आलेल्या घरात स्वतःच्या पैशांची सीडी यंत्रात असूनही खेळ उघडला नसता. अटी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अखंड नेट असलेले शहर असते.

विकल्यानंतर सोय काढून घेण्याचे ठळक उदाहरण प्लेस्टेशन ३ चे. या यंत्रावर लिनक्स (संगणकाची मुक्त कार्यप्रणाली) चालवता येत असे. १ एप्रिल २०१० च्या अद्ययावतीकरणाने सोनीने ती सोय काढली. अद्ययावत न करावे, तर ऑनलाइन खेळ बंद. अमेरिकेत यावर सामूहिक दावा झाला आणि तो अनेक वर्षांनी तडजोडीत मिटला. मार्च २०२४ मध्ये यूबिसॉफ्टने ‘द क्रू’ या ऑनलाइनच चालणाऱ्या खेळाचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेली सीडीही निरुपयोगी ठरली. त्यातून उभ्या राहिलेल्या युरोपीय नागरिक-याचिकेवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल दुकानांना, आपण परवाना विकतो हे स्पष्ट न सांगता ‘खरेदी करा’ असे लिहिता येत नाही.

दरम्यान सीडीच हळूहळू मागे पडते आहे. प्लेस्टेशन ५ ची एक आवृत्ती सीडी-ड्राइव्हशिवाय येते. ५ जून २०२५ ला आलेल्या निन्टेंडो स्विच २ साठीच्या काही कार्डांत खेळ नसतोच. असते ती किल्ली, खेळ नेटवरून उतरवावा लागतो. २०१३ मध्ये जे धमकावून जमले नाही, ते सोयीच्या नावाखाली जमले, असे म्हणायला जागा आहे.

भारतात या विषयाचा वेगळा कायदा नाही. जुनी प्रत पुन्हा विकण्याबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील संगणक-प्रणालीविषयक कलम महत्त्वाचे आहे. प्रत आधी विकली गेली असली तरी विक्रीचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडेच राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यात १९९४ मध्ये आले आणि १९९९ च्या दुरुस्तीत गळाले. २ मार्च २०२१ च्या एका करविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा बदल लक्षात घेतला. व्यापारी भाड्याचा हक्क मात्र कॉपीराइटच्या मालकाकडेच आहे. म्हणजे सीडी विकून टाकणे आणि दिवसाच्या भाड्याने देणे यांत कायदा फरक करतो. नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप तोडण्याबद्दलचे ६५अ हे कलम २०१२ साली आले. त्यात हक्कभंगाचा हेतू असावा लागतो.

‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९’ हा जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहक आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, म्हणजे बंगळूरच्या विक्रेत्याविरुद्ध सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. याच कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना आणली : सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवणे, ग्राहकावर अवाजवी अट लादणे हे त्यात येते. गंमत अशी की यंत्र बिघडल्याची तक्रार जिल्ह्यात चालते, पण कराराची अटच अनुचित आहे म्हणायचे, तर थेट राज्य आयोग गाठावा लागतो. पन्नास हजारांच्या यंत्रासाठी तितके कोण करणार!

तासावर खेळू देणाऱ्या गेम पार्लरवाल्याची अवस्था आणखी विचित्र. व्यापारासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर बसते. दोन टीव्ही मांडून स्वतः गल्ल्यावर बसणारा त्यामुळे ग्राहक ठरू शकतो. कंपनीचा परवाना मात्र खासगी, बिगरव्यापारी वापरापुरताच असतो. रिमोट आठवड्यात बिघडला तर तो आयोगाकडे दाद मागू शकतो आणि त्याच वेळी कंपनीच्या अटी रोज मोडत असतो.

निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही. इथे दिसणारी यंत्रे बाहेरून आणलेली असतात आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. त्यापेक्षा नाजूक व्यवहार ‘अकाउंट’चा. डिजिटल खेळ असलेले खाते निम्म्या पैशांत वापरायला द्यायचे, असा सौदा व्हॉट्सअॅपवर होतो. कराराला तो मान्य नाही. पासवर्ड बदलला की खेळावर कुलूप येते, विकणाऱ्याचा नंबर बंद लागतो आणि तक्रारीला जोडायला बिलाऐवजी यूपीआयचा एक स्क्रीनशॉट उरतो.