गर्दान (अरबी क्रियारूपांचे पाठांतर)

अरबी क्रियापदाची रूपे ठरलेल्या क्रमाने घोकणे म्हणजे गर्दान. शब्द फारसी, अर्थ फिरवणे. या रूपविचाराचे शास्त्र ‘सर्फ’ आणि एकेक रूप ‘सीगा’. जुन्या नाशकातल्या आणि मालेगावच्या मदरशांत हे उर्दूतून शिकवतात.

मुले मांडी घालून, पुढेमागे डोलत एका सुरात म्हणतात : कतब, कतबा, कतबू. त्याने लिहिले, त्या दोघांनी लिहिले, त्या सर्वांनी लिहिले. (शेवटचा ‘अ’ संस्कृतातल्यासारखा पूर्ण उच्चारायचा.) भूतकाळाच्या गर्दानीत 14 सीगे येतात. पाठशाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्याला यातले द्विवचन परके वाटत नाही.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट घरचीच वाटावी. आपण पुरुषाला ‘तू गेलास’ आणि बाईला ‘तू गेलीस’ म्हणतो. अरबीतही ‘कतब्त’ आणि ‘कतब्ति’ असे दोन सीगे आहेत. मात्र ‘मी’ला तिथे लिंगभेद नाही : ‘कतब्तु’ दोघांचेही. ‘गेलो-गेले’ करणारी मराठी इथे अरबीच्याही पुढे आहे.

बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असतात. ह-ज़-र या धातूपासून निघालेले हजर, हजेरी, हुजूर आपण रोज बोलतो. अडचण येते ती वर्तमानाच्या मधल्या स्वराची : ‘कतब’चे ‘यक्तुबु’, ‘फतह’चे ‘यफ्तहु’, ‘ज़रब’चे ‘यज़्रिबु’. (आपली फत्ते आणि जरब यांतलीच.) कोणत्या धातूला कोणता स्वर, हे बहुधा नियमाने सांगता येत नाही. घोकंपट्टीला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. इथे जिभेला वळण लागल्यावाचून वाचन पुढे सरकत नाही.

पण नुसते पाठांतर दुबळ्या, म्हणजे ‘व’ किंवा ‘य’ असलेल्या, धातूंपाशी अडते. ‘तो म्हणाला’ म्हणजे ‘काल’, ‘मी म्हणालो’ म्हणजे ‘कुल्तु’, आणि ‘तो म्हणतो’ म्हणजे ‘यकूलु’. धातू क-व-ल, पण मधला ‘व’ कुठे ‘आ’ होतो, कुठे गळतो, कुठे ‘ऊ’ होतो. शिकणारा इथेच गोंधळतो. त्याला ‘कौल’ आठवून द्यावा. देवाला लावतो तो, निवडणुकीत जनता देते तो कौल याच धातूचा, आणि त्यातल्या ‘औ’मध्ये तो ‘व’ अजून ऐकू येतो. अरबी कोशाची मांडणी सहसा धातूंनुसार असते. म्हणून ‘काल’चा अर्थ पाहायचा तर क-व-लच उघडावे लागते.