पाडकाम करणाऱ्या मजुराची बांधकाम कामगार नोंदणी: पात्रता, कागदपत्रे, सुरक्षा संच आणि अपघातानंतरचा दावा

जुनी चाळ उतरवणारा, ब्रेकरने स्लॅब फोडणारा, राडारोडा टेम्पोत भरणारा मजूर स्वतःला बहुधा बांधकाम कामगार म्हणत नाही. नोंदणी करायची ती गवंड्याने, सेंटरिंगवाल्याने, फरशी बसवणाऱ्याने, असा समज कामगार नाक्यांवर पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात बांधकाम, फेरबदल, दुरुस्ती आणि देखभाल यांच्या जोडीला पाडकाम हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. नोंदणीसाठीची वयाची आणि ९० दिवसांची अट मात्र सामाजिक सुरक्षा संहितेत तशीच ठेवली आहे.

महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. मंडळाचा पैसा येतो तो बांधकाम खर्चावर घेतल्या जाणाऱ्या १ टक्का उपकरातून. म्हणूनच कामगाराला नोंदणी फी १ रुपया आणि वार्षिक वर्गणी १ रुपया एवढेच द्यावे लागते. त्याहून जास्त कुणी मागत असेल, तर तो दलाल आहे.

पात्र कोण

वय १८ पूर्ण आणि ६० च्या आत हवे. मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाच्या किंवा पाडकामाच्या कामावर गेलेले असावे. हे ९० दिवस सलग असायला हवेत असे नाही. एकाच ठेकेदाराकडचे हवेत, असेही नाही. जानेवारीत २० दिवस एका वाड्याचे पाडकाम, मार्चमध्ये ३० दिवस रस्त्याचे खोदकाम, पावसाळ्यानंतर ४० दिवस इमारतीच्या दुरुस्तीचे काम, असे मिळून ९० झाले तरी चालते. नाक्यावरच्या मजुराला हा हिशेब माहीत असणे फार गरजेचे आहे, कारण एका मुकादमाकडे सलग तीन महिने काम त्याला क्वचितच मिळते.

परराज्यातून येऊन महाराष्ट्रात काम करणाऱ्यालाही अर्ज करता येतो. फॉर्ममध्ये मूळ पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन रकाने आहेत, ते दोन्ही खरे भरावेत. सिंधुदुर्गातून गोव्यात कामाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की गोव्याचे मंडळ वेगळे आहे आणि तिथल्या कामाची नोंदणी तिथेच होते.

कागदपत्रे, आणि त्यातले अवघड असलेले एकच

वयाचा पुरावा, ओळखीचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे तीन फोटो, बँक पासबुकाची झेरॉक्स, आधार वापराचे संमतिपत्र आणि स्वयंघोषणापत्र. ही कागदपत्रे बहुतेकांकडे असतात किंवा दोन दिवसांत जमतात. अर्ज अडतो तो ९० दिवस काम केल्याच्या प्रमाणपत्रावर.

हे प्रमाणपत्र ठेकेदार, विकासक किंवा मालक देऊ शकतो. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेचा अधिकृत अधिकारी देतो, गावात ग्रामसेवक, म्हणजे आता ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात तो. नमुना ठरलेला आहे आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतो. प्रमाणपत्रावर कामगाराचे आधारप्रमाणे पूर्ण नाव, कामाचे स्वरूप, कामाचे ठिकाण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, जावक क्रमांक, दिनांक, सही आणि शिक्का एवढे सगळे लागते. जावक क्रमांक नसलेले, शिक्का अर्धवट उमटलेले किंवा तारखांमध्ये खाडाखोड असलेले प्रमाणपत्र तपासणीत हमखास बाजूला पडते.

पाडकामात अडचण आणखी वाढते. इमारत पडली की साइटच उरत नाही. ठेकेदार पुढच्या शहरात गेलेला असतो, मुकादमाचा फोन लागत नाही, आणि ज्या जागेवर महिनाभर घण चालवला तिथे मोकळा प्लॉट दिसतो. नंतर अधिकाऱ्याकडे गेल्यावर तो विचारतो, कामाचा पुरावा काय? म्हणून पुरावा कामाच्या पहिल्या दिवसापासून जमवायचा. साध्या वहीत तारीख, साइटचा पत्ता, ठेकेदाराचे नाव, त्या दिवशीचे काम आणि मिळालेली मजुरी लिहा, आणि आठवड्याला मुकादमाची सही घ्या. मजुरी ऑनलाइन मिळत असेल तर तो संदेश पुसू नका. साइटवर लावलेल्या परवानगीच्या फलकाचा फोटो काढून ठेवा, त्यावर मालक, ठेकेदार आणि परवानगी क्रमांक असतो. नव्या संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागा. मिळाले तर पुढचे सगळे सोपे होते. साइट संपण्याआधी, शेवटची मजुरी हातात पडायच्या दिवशीच ठेकेदाराकडून त्याच्याकडच्या दिवसांचे प्रमाणपत्र लिहून घ्या.

विकतचे प्रमाणपत्र घेऊ नका. खोटे प्रमाणपत्र देणारा आणि वापरणारा दोघांवरही फौजदारी कारवाई होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, अपघातानंतर दाव्याची छाननी होते तेव्हा ते खोटे ठरले तर ज्या घरातला माणूस गेला त्या घराच्या हाती काहीच लागत नाही.

अर्ज कसा होतो

मंडळाच्या संकेतस्थळावर, म्हणजे महाबीओसीडब्ल्यू डॉट इन येथे, कामगार नोंदणीचा दुवा आहे. आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांक टाकला की ओटीपी येतो. मोबाइल स्वतःचाच द्यावा. दलालाचा नंबर टाकला की पुढची प्रत्येक सूचना, तपासणीची तारीख आणि लाभाचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि मग दर वेळी त्याला पैसे द्यावे लागतात. अशा तऱ्हेने अडकलेले कामगार प्रत्येक नाक्यावर सापडतील.

पुढे वैयक्तिक माहिती, कुटुंबातल्या व्यक्ती, वारस, बँक खाते, मालक किंवा ठेकेदार आणि ९० दिवसांच्या प्रमाणपत्राचा तपशील भरायचा. वारसाचे नाव त्याच्या आधारवर आहे तसेच भरा. घरात हाक मारतात ते नाव, लग्नाआधीचे आडनाव किंवा वडिलांच्या नावाऐवजी नुसते आद्याक्षर, असल्या किरकोळ फरकांमुळे दावे महिनोन्‌महिने अडकतात. बँक खाते चालू आणि आधारशी जोडलेले असावे. मूळ कागदाचा स्कॅन किंवा उजेडात सरळ काढलेला फोटो जोडा. दुमडलेल्या झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो वाचता येत नाही, म्हणून अर्ज परत येतो.

अर्ज सादर झाला की मूळ कागदपत्रे घेऊन तपासणीला हजर राहायची तारीख मिळते. ती तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. त्या दिवशी स्वतः जावे लागते, कारण बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात. घण आणि सिमेंटने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा उमटत नाही, हे पाडकामात नेहमी होते. दोन-तीन दिवस आधीपासून हात स्वच्छ धुऊन तेल किंवा व्हॅसलीन लावावे, आणि एक बोट चालले नाही तर दुसऱ्या बोटाचा ठसा घ्यायला सांगावे. अर्ज मंजूर झाल्यावर वर्गणी भरायची आणि नोंदणी क्रमांक व ओळखपत्र घ्यायचे.

नोंदणी एका वर्षाची असते. दर वर्षी मुदत संपण्याआधी ९० दिवसांचे नवे प्रमाणपत्र लावून नूतनीकरण करावे लागते. जुन्या प्रमाणपत्रातलेच दिवस पुन्हा दाखवले तर अर्ज नाकारला जातो. अपघात झाला त्या दिवशी नोंदणी चालू असावी लागते, म्हणून नूतनीकरणाची तारीख घरातल्या दुसऱ्या एखाद्यालाही सांगून ठेवा.

सुरक्षा संच हातात आल्यावर

चालू नोंदणी असलेल्या कामगाराला मंडळाकडून सुरक्षा संच विनामूल्य मिळतो. त्यात हेल्मेट, सेफ्टी बूट, हार्नेस बेल्ट (उंचीवरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे, दोरी आणि हूक असलेले पट्टे), हातमोजे, गॉगल, इअर प्लग, मास्क, चमकणारे जॅकेट यांशिवाय टॉर्च, डबा, पाण्याची बाटली, मच्छरदाणी, चटई, पेटी अशा वस्तू असतात. बऱ्याच घरांत डबा आणि चटई वापरात येते, आणि हार्नेस पेटीतच राहतो. पाडकामावर जाणाऱ्याने नेमका तोच आधी बाहेर काढावा.

हार्नेसचा हूक कुठे अडकवायचा, यावर जीव अवलंबून असतो. जी भिंत फोडायची आहे तिच्या सळईला, बांबूच्या परांचीला किंवा पाण्याच्या पाइपाला हूक लावला, तर भिंतीबरोबर माणूसही खाली जातो. शाबूत बीमला, डोक्याच्या वरच्या उंचीवर, दोरी कमीत कमी सैल राहील असा हूक लावावा. पायाजवळ अडकवला तर पडताना दोरी ताणली जाण्याआधीच माणूस तिच्या लांबीच्या दुप्पट खोल जातो आणि हिसका मणक्याला बसतो. मांडीचे पट्टे सैल ठेवू नयेत. एकदा माणूस ज्या हार्नेसवर लोंबकळला, तो हार्नेस नवा दिसला तरी टाकून द्यावा, त्याचे धागे आतून तुटलेले असतात.

हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा लावलेला असावा. त्याला भोके पाडू नयेत, आतली जाळी काढून नुसती टोपी घालू नये, कारण धक्का ती जाळीच झेलते. विकत घ्यायची वेळ आली तर हेल्मेटवर आयएस (भारतीय मानक) २९२५, हार्नेसवर आयएस ३५२१ आणि बुटांवर आयएस १५२९८ हे क्रमांक पाहावेत. काँक्रीट आणि विटा फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही. एन ९५ दर्जाचा मास्क लावावा आणि फोडण्याआधी व फोडताना पाणी मारत राहावे.

मंडळाचा संच मिळाला म्हणून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही. हेल्मेट, हार्नेस, बूट पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, नोंदणी असो वा नसो.

काम सुरू करण्याआधी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. पाडकामाची राष्ट्रीय संहिता आयएस ४१३० आणि बांधकाम कामगारांचे सुरक्षा नियम यांत त्या दिलेल्या आहेत. वीज, गॅस आणि पाणी इमारतीच्या बाहेरून तोडलेले असावे. मीटर काढला म्हणजे तारेतला प्रवाह गेला, असे धरून चालू नये. खिडक्यांच्या काचा आधी उतरवाव्यात. पाडकाम वरच्या मजल्यापासून खाली, एकेक मजला असेच चालते. खालची भिंत आधी काढून वरचा भाग आपोआप कोसळवण्याची पद्धत माणसे मारते. राडारोडा स्लॅबवर साठवू नये. जुना स्लॅब त्या वजनाने खालच्या मजल्यावर बसतो, आणि त्याच्याखाली कुणी काम करत असेल तर त्याला पळायला वेळ मिळत नाही. म्हणून एकाच वेळी वर-खाली दोन मजल्यांवर माणसे लावू नयेत. स्लॅबला पाडलेल्या भोकांभोवती कठडा किंवा वर घट्ट झाकण हवे. शेजारच्या इमारतीला टेकलेली भिंत असेल तर आधार दिल्याशिवाय हात लावू नये. दिवसभर जबाबदार माणसाने तडे आणि हालचाल पाहत राहायची असते, आणि पावसानंतर काम पुन्हा सुरू करण्याआधी नव्याने तपासणी व्हायला हवी.

अपघात झाला तर

कामावर असताना नोंदित कामगाराचा मृत्यू झाल्यास मंडळाकडून वारसाला ५ लाख रुपये मिळतात. नैसर्गिक मृत्यूसाठी २ लाख, ७५ टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख, आणि विधवा पत्नीला किंवा विधुर पतीला वर्षाला २४ हजार रुपये पाच वर्षे अशी तरतूद आहे. मुलांचे शिक्षण, बाळंतपण, गंभीर आजार यांसाठीच्या योजना वेगळ्या, त्यांचे अर्जही त्याच संकेतस्थळावर.

५ लाखांच्या दाव्यात मृत्यू कामावरच झाला हे सिद्ध करावे लागते, आणि गडबड इथेच होते. जखमीला रुग्णालयात नेताना ठेकेदाराचा माणूस केसपेपरवर ‘घरी पडला’ किंवा ‘रस्त्यावर पडला’ असे सांगतो. ती एक ओळ पुढे सगळ्या कागदांत उतरते. म्हणून सोबत गेलेल्या कामगाराने नोंद करताना साइटचा पत्ता आणि पडण्याचे खरे कारण स्वतः सांगावे, आणि नोंद वाचून पाहावी. पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, कामगाराचे मंडळाचे ओळखपत्र, वारसाचे आधार आणि पासबुक हे एकत्र ठेवावे. इमारत पाडायचे काम थांबत नाही, त्यामुळे अपघाताची जागा दोन दिवसांत नाहीशी होते. त्याच दिवशी चार बाजूंनी फोटो काढावेत आणि सोबतच्या कामगारांची नावे व फोन लिहून ठेवावेत. मृत्यू झाला किंवा जखमी माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर सरकारी यंत्रणेला कळवणे मालकावर बंधनकारक आहे. त्या सूचनेची प्रत मागावी.

मंडळाची मदत आणि मालकाने द्यायची नुकसानभरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही मागता येतात. अपंगत्व ७५ टक्क्यांच्या खाली असेल, समजा दोन बोटे गेली किंवा पाय कायमचा आखडला, तर मंडळाचे २ लाख मिळत नाहीत. मालकाकडून भरपाई मात्र अंशतः अपंगत्वासाठीही मिळते, आणि ती कामगाराच्या वेतनावर व वयावर मोजली जाते. मृत्यूच्या बाबतीत ही रक्कम मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. परस्पर वारसाच्या हातात ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहिलेल्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला, तरी हक्क सोडून देणारा असा करार कायद्यापुढे टिकत नाही. असा कागद आधीच दिला असेल तरी वारसाने जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन दावा दाखल करावा.